दारापुढचा रस्ता

शिकागो शहरीं एका सकाळीं माझ्या सात वर्षांच्या नातीनें मला हात धरून खिडकीपाशीं नेलें व विचारलें, "आजोबा, त्या खुर्चीवर कोण बसणार?" समोर रस्त्याच्या कडेला कमरेएवढे बर्फाचे ढीग होते आणि त्यांच्यामध्यें एक मोटार मावेल एवढी जागा खरवडून मोकळी केलेली होती. त्या मोकळ्या जागेंत स्वयंपाकघरांतील एक जुनी लांकडी खुर्ची ठेवलेली. आसपास मनुष्य नाहीं, आणि थंडी अशी कीं झाडावर पांखरूं बसावयास धजेना. मीं म्हटलें, "बाळ, तेथें कोणीच बसणार नाहीं." "मग ठेवली कशाला?" या प्रश्नाचें एक उत्तर आमच्या जामातांनीं त्याच दिवशीं दिलें. दुसरें, अधिक खरें उत्तर मला पुढें चार महिन्यांनीं मेहकरांत, माझ्या स्वतःच्या दारापुढें मिळालें. तें कसें मिळालें हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

मी बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर गांवचा रहिवासी. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा दिली, चुलत्यांपाशीं थोडें संस्कृत शिकलों आणि सारें आयुष्य शिक्षकाच्या पेशांत घालविलें. पैनगंगेच्या कांठच्या आमच्या गांवांत बर्फ दोनच रूपांनीं ठाऊक. एक, उन्हाळ्यांत लांकडाच्या भुशांत व गोणपाटांत गुंडाळून येणारी लादी. आणि दुसरें, आभाळांतून पडणाऱ्या गारा. सन 2014 च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रावर जी गारपीट झाली तिनें हातातोंडाशीं आलेला गहू व हरभरा कसा झोडपून निघाला, हें वऱ्हाडांतील शेतकऱ्यास सांगावयास नको. तेव्हां वरून पडणारें जें जें पांढरें तें तें संकट, एवढेंच आमचें बर्फाविषयींचें ज्ञान.

नोकरींतून मुक्त झाल्यावर थोरल्या कन्येच्या आग्रहावरून आम्ही उभयतां सन 2018 च्या नोव्हेंबरांत शिकागोस गेलों. ज्या शहरीं सन 1893 मध्यें स्वामी विवेकानंदांची वाणी सर्वधर्मपरिषदेंत घुमली तें शहर पाहावें ही जुनी इच्छा होती. स्वामीजींची परिषद सप्टेंबरांत भरली होती, आम्ही मात्र ऐन हिंवाळ्यांत सांपडलों. सन 2019 च्या जानेवारीच्या 30 तारखेस तेथें पारा शून्याखालीं 31 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. सौभाग्यवतींनीं दिवसभर देवापुढचा दिवा विझूं दिला नाहीं. जणूं त्या एका ज्योतीवरच सारें घर तगून होतें.

परंतु थंडीपेक्षां मला अधिक नवल वाटलें तें तेथील नियमांचें. घरापुढील फुटपाथ सार्वजनिक. पण त्यावरील बर्फ काढण्याचें काम घरमालकाचें. सकाळीं सातपासून सायंकाळीं सातपर्यंत पडलेला बर्फ त्याच रात्रीं दहाच्या आंत, आणि रात्रीं पडलेला दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या आंत काढला पाहिजे. मोकळी केलेली वाट निदान पांच फूट रुंद असावी, म्हणजे चाकांच्या खुर्चींतून जाणाऱ्या अपंगास आणि बाळाची गाडी ढकलणाऱ्या मातेस सुखानें जातां यावें. काढलेला बर्फ रस्त्यांत लोटून दुसऱ्याची अडचण करावयाची नाहीं. कोणी हयगय केली तर दिवसास पन्नासपासून पांचशें डॉलरपर्यंत दंड.

हा नियम ऐकून मी मनांत हंसलों. दारापुढची वाट झाडा, हें सांगावयास यांस दंडाचा धाक लागतो! आमच्याकडे घरची सून पहाटे उठून दारापुढें खराटा फिरविते, शेणाचा सडा घालते, चार बोटें रांगोळी ओढते. आणि तिचा खराटा जेथपर्यंत पोंचतो तेथील अर्धी भूमि तरी सार्वजनिकच असते. तिला कोणी नोटीस बजावीत नाहीं. दुसऱ्या दिवसापासून मीं फावडें हातीं घेतलें. जामात "बाबा, तुम्ही नका" म्हणत राहिले. पण पांच फूट रुंदीची वाट काढून तीवर मीठ टाकतांना मला सडासंमार्जनाचाच आनंद होत असे. शेजारची एक वृद्ध बाई त्या वाटेनें काठी टेकीत गेली व मान लववून हंसली, तेव्हां तर मला वाटलें कीं, कायदा त्यांचा असला तरी संस्कार आमचाच आहे. वाचकांनीं या वाक्यांतील अहंकार ध्यानांत ठेवावा. त्याचा हिशेब पुढें व्हावयाचा आहे.

मोटारींचा नियम याहून कडक. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून एप्रिलच्या पहिल्या तारखेपर्यंत, सुमारें 107 मैल लांबीच्या मुख्य रस्त्यांवर रात्रीं तीनपासून सकाळीं सातपर्यंत मोटार उभी करावयाची नाहीं, मग बर्फ पडो वा न पडो. आणखी सुमारें 500 मैलांच्या रस्त्यांवर दोन इंच बर्फ पडला कीं हीच मनाई लागूं करतां येते. चुकून उभी राहिली तर ती ओढून नेतात. दंड निराळा, ओढण्याचें शुल्क निराळें, आणि ठेवण्याचें भाडें निराळें. मीं विचारलें, "आकाश निरभ्र असतांना हा जुलूम कां?" जामात म्हणाले, "बाबा, बर्फ पडूं लागल्यावर मालक शोधीत फिरलें तर रस्ता कधींच मोकळा होत नाहीं. गाडी हलविण्याची संवय आधींच लागलेली असावी लागते."

हें शहाणपण त्या शहरास फुकट मिळालेलें नाहीं. सन 1967 च्या जानेवारीच्या 26 व 27 तारखांस तेथें 23 इंच बर्फ पडला. हजारों मोटारी आणि शेंकडों बसगाड्या रस्त्यांतच सोडून लोक पायीं घरीं गेले, आणि त्या सोडलेल्या गाड्यांमुळेंच बर्फ काढणाऱ्या यंत्रांस वाट मिळेना. सन 1979 च्या जानेवारींत पुन्हां तसाच प्रसंग आला. रस्ते वेळेवर मोकळे झाले नाहींत याचा राग लोकांनीं महापौर मायकेल बिलॅंडिक यांच्यावर काढला, आणि पुढल्याच महिन्यांत पक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकींत जेन बर्न या बाईंनीं त्यांस हरविलें. रस्ता मोकळा ठेवणें ही केवढी मोठी राज्यव्यवस्था आहे हें त्यावरून दिसतें.

आतां ती खुर्ची. लहान गल्ल्यांमधून, जेथें शहराचीं यंत्रें लवकर पोंचत नाहींत, तेथें मनुष्य तास दोन तास खपून आपल्या मोटारीभोंवतींचा बर्फ काढतो. कामावर जातांना तो त्या मोकळ्या जागेंत खुर्ची, बादली, इस्त्रीचें टेबल, जें हातीं लागेल तें मांडून जातो. अर्थ असा कीं, ही जागा मीं साफ केली, सबब ती माझी. या रिवाजास ते लोक ‘डिब्स’ म्हणतात. कायद्याचा त्यास आधार नाहीं. पण शेजारधर्म म्हणा कीं शेजाऱ्याचें भय म्हणा, सहसा कोणी ती खुर्ची हलवीत नाहीं. जामातांस हा प्रकार पसंत नव्हता. मला मात्र तो फार न्याय्य वाटला. "श्रम त्याचे, तर फळ त्याचें," मीं म्हटलें. ते वडिलांपुढें वाद न घालणारे, गप्प राहिले.

त्याच आठवड्यांत एका सायंकाळीं मी खिडकींत बसलों होतों. समोरच्या घरीं एक आजारी गृहस्थ असत व त्यांची शुश्रूषा करण्यास रोज एक परिचारिका मोटारीनें येई. त्या दिवशीं तिनें गल्लीस चार फेऱ्या घातल्या. कोठेंच जागा नव्हती. होती ती तेवढी खुर्चीची. तिच्यापुढें ती क्षणभर थांबलीही. मग पुढें जाऊन कोठेंतरी दूर मोटार लावून, हातांत औषधांची पिशवी घेऊन, निसरड्या बर्फावरून पावलें मोजीत ती परत आली. खुर्चीचा मालक रात्रीं नऊ वाजतां घरीं आला. तोंवर ती जागा रिकामीच होती. मीं हें सारें पाहिलें आणि मला त्यांत कांहीं विशेष दिसलें नाहीं.

मार्चांत आम्ही स्वदेशीं परतलों. आमची गल्ली जुन्या मेहकरांतील; एका तोंडाची. मध्यावर आमचा वाडा, आणि त्याच्या पलीकडे गल्लीच्या बंद टोकापर्यंत सात घरें. त्या सात घरांतील मनुष्यास बाहेर यावयाचें तर आमच्या दारावरूनच यावें लागतें. पूर्वी याच गल्लींतून बैलांच्या दमण्या जात. वडिलांचा दंडक असा होता कीं, पाहुण्यांची गाडीसुद्धां सामान उतरल्यावर क्षणभर दारांत राहतां कामा नये. बैल सोडून ती गल्लीबाहेरच्या पटांगणांत न्यावयाची. पुढें बैल गेले. घरोघर ओटे पुढें आले, ओट्यांस पायऱ्या फुटल्या, पायऱ्यांपुढें मोटरसायकली आल्या. यांपैकीं एकही गोष्ट कोणी दुष्टपणानें केली नाहीं. प्रत्येकानें एकेक हातच रस्ता घेतला.

सुमारें दहा वर्षांपूर्वी टोकाच्या घरांतील एक गृहस्थ भाजीची हातगाडी चालवीत असत. त्यांच्या दारापुढें जागा नसल्यामुळें रात्रीं ते ती गाडी आमच्या भिंतीलगत लावून ठेवीत. मला तें खटके. एके दिवशीं मीं त्यांस थांबवून सार्वजनिक रस्ता म्हणजे काय यावर शाळेंत देतों तसा एक पाठ दिला, आणि तेवढ्यानें समाधान न होऊन नगरपालिकेस द्यावयाचा अर्जही सुवाच्य अक्षरांत लिहून त्यांस दाखविला. अर्ज देण्याची वेळ आली नाहीं. "बरं गुरुजी," एवढें बोलून त्यांनीं त्याच दिवशीं गाडी तेथून हलविली. पुढें ते रोज रात्रीं दहा वाजतां ती गल्लीबाहेर पटांगणांत नेऊन सांखळीनें बांधीत आणि पहाटे चारला उठून आणीत.

सन 2016 मध्यें आमच्या घरीं चारचाकी मोटार आली. ती कोठें उभी केली असेल? त्याच भिंतीलगत. एकदां एका परक्यानें तेथें आपलें वाहन लावलें, म्हणून मीं स्वतः परसांतून दोन धोंडे आणून त्या जागेच्या दोन टोकांस ठेविले. मोटार बाहेर गेली कीं धोंडे जागा राखीत. कोणी कांहीं बोललें नाहीं. गल्लींतील निम्मे लोक माझे विद्यार्थी. गुरुजींच्या धोंड्यांस कोण बोलणार? माझ्या मनाची समजूत अशी कीं, हा तुकडा आमच्या घरच्या सुनांनीं चाळीस वर्षें झाडला, सारवला, त्यावर रांगोळी घातली. मग तो आमचा नाहीं तर कोणाचा?

सन 2019 च्या मे महिन्यांत, वैशाखांत, धाकट्या बंधूंच्या नातवाची मुंज होती. दारांत मांडव घातला. एका पुतण्यानें सुचविलें कीं, नगरपालिकेची परवानगी घ्यावी व एका कडेनें वाट सोडावी. मीं त्यास म्हटलें, "अरे, आपल्याच दारांत मांडव घालावयास परवानगी कसली? दोन दिवसांचा तर प्रश्न!" भिंतीपासून भिंतीपर्यंत डांब रोवले गेले, कनाती लागल्या, आंब्याचें तोरण बांधलें. मांडवाच्या आंत, आपल्या दोन धोंड्यांच्या मध्यें, मोटारही उभी होती.

मुंजीच्या आदल्या रात्रीं दीड वाजण्याच्या सुमारास दारावर थाप पडली. हातगाडीवाल्यांचा मुलगा होता. वडिलांची वाचा एकाएकीं गेली, उजवें अंग लुळें पडलें, असें त्यानें सांगितलें. 108 क्रमांकावर त्यानें दूरध्वनि केला होता, आणि रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीं येऊन उभीही राहिली होती. परंतु ती आंत यावी कशी? पुतणे धांवले. मोटार काढावी तर पुढें डांब. डांब उपटावे तर वरचा सारा मांडव खालीं येणार. कोणी दोऱ्या सोडीत होतें, कोणी किल्ली शोधीत होतें. अखेर शेजाऱ्यांनीं त्यांस बाजेवर घातलें आणि बाज खांद्यांवर घेतली. मोटार आणि समोरचा ओटा यांमधून बाज आडवी जाईना, म्हणून ती तिरपी करावी लागली. एक खूर माझ्या हातांत होता. तोरणाखालून जातांना त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. तोंड वांकडें झालेलें, शब्द फुटत नव्हता. पण डोळे ओळखीचे होते. मांडवांतील सारे दिवे लागलेले होते, त्यामुळें तें पाहणें मला टाळतांही आलें नाहीं.

या घोळांत वीस मिनिटें गेलीं. अर्धांगवायूंत पहिले कांहीं तास सोन्याचे असतात. रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि तेंही तपासण्या झाल्यावर. त्या वीस मिनिटांनीं नेमकें काय बिघडलें हें कोणी वैद्य सांगूं शकणार नाहीं, आणि कोणी सांगितलेंही नाहीं. ते वांचले. परंतु उजवा हात पुन्हां गाडीच्या दांड्यास लागला नाहीं.

मुंज ठरल्या मुहूर्तावर लागली. पहाटे मी मांडवाबाहेर आलों तों त्यांच्या दारापुढें नेहमींप्रमाणें सडा पडलेला होता. घरांत रात्रभर कोणाचा डोळा लागला नसेल; तरी सुनेनें झाडलोट चुकविली नव्हती. आमच्या मांडवांतून उडालेलीं फुलें तिनें झाडून एका बाजूस, कोणाचा पाय पडणार नाहीं अशीं, नीट गोळा करून ठेविलीं होतीं. कोणी चार शब्द सुनावले असते तर मला सोसलें असतें. ती फुलांची रास पाहिल्यावर मात्र माझ्यानें मंगलाष्टकें नीट म्हणवलीं नाहींत.

मुंज आटोपून पाहुणे गेल्यावर मीं टेप घेऊन गल्ली मोजली. भिंतीपासून भिंतीपर्यंत चौदा फूट. ओटे, पायऱ्या व गटार वजा जातां साडेनऊ. आमची मोटार उभी राहिली कीं उरतात चार. मग जुनी पोथी काढली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत निरनिराळ्या वाटांच्या रुंदी सांगितल्या आहेत. रथाच्या वाटेस पांच अरत्नि, म्हणजे सुमारें साडेसात फूट. गुरांच्या वाटेस चार. आणि शेळ्यामेंढ्या व माणसें यांच्या वाटेस दोन अरत्नि, म्हणजे तीन फूट. वडिलांच्या काळीं आमची गल्ली शास्त्रानुसार रथपथ होती. मी, संस्कृताचा अभ्यासक, तिला शेळ्यामेंढ्यांची वाट करून बसलों होतों.

त्याच ग्रंथांत वाट अडविणाऱ्यास दंड सांगितला आहे. अगदीं लहान वाटेसाठींही बारा पण. रस्त्यांत धूळ टाकणाऱ्यास पणाचा आठवा हिस्सा, चिखलपाण्यानें रस्ता अडविणाऱ्यास पाव पण, आणि राजमार्ग असेल तर दुप्पट. वाट कोणास द्यावी याची यादी मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. वाहनांत बसलेला, नव्वदी गांठलेला वृद्ध, रोगी, भार वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि लग्नास निघालेला वर. ही यादी मीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतली. तींत मुंजीचा बटु नाहीं. आणि ज्या गृहस्थांची वाट मीं अडविली ते त्या यादींत दोनदां होते: हातगाडी ओढीत तेव्हां भार वाहणारे म्हणून, आणि त्या रात्रीं रोगी म्हणून.

आजचा कायदाही मुका नाहीं. सार्वजनिक वाटेंत अडथळा करणें हा सन 1860 च्या दंडसंहितेप्रमाणें अपराध होता, दंड दोनशें रुपयांपर्यंत. सन 2024 च्या 1 जुलैपासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 285 व्या कलमान्वयें हा दंड पांच हजारांपर्यंत जातो. सन 1988 च्या मोटार वाहन कायद्यांतही इतरांस धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीनें वाहन सोडून जाऊं नये असें 122 वें कलम आहे. म्हणजे कौटिल्यापासून आजपर्यंत कायदा होताच. नव्हती ती एकच गोष्ट: तो कायदा माझ्या धोंड्यांनाही लागूं आहे ही समजूत.

त्या दिवसांत उन्हाळा कडक होता आणि गल्लीच्या तोंडाशीं पाण्याचा टॅंकर येई. त्यापूर्वीं बायका आपापले हंडे, कळशा, नसेल तर एखादा दगड, रांगेंत ठेवून घरकामास जात. दगडाच्या मागें कळशी, कळशीच्या मागें हंडा. मालकीण नसली तरी तिची जागा कोणी घेत नसे. मीं मनांत म्हटलें, ही तर शिकागोची खुर्चीच! मग तें बरोबर कां आणि हें चूक कां? विचार करतां करतां लक्षांत आलें कीं, रांगेंतला हंडा पाळी राखतो. खुर्ची आणि धोंडा मालकी राखतात. हंडा पुढें पुढें सरकतो, भरतो आणि उठतो. मागच्याची पाळी येते. खुर्ची व धोंडा जागचे हलत नाहींत, आणि त्यांच्यामागें कोणाचीच पाळी नसते. सार्वजनिक वस्तूवर मनुष्याची पाळी असूं शकते, मालकी असूं शकत नाहीं.

आणि श्रमांचें काय? तेथें माझी खरी चूक होती. मी समजत होतों कीं, आपण वाट झाडली म्हणून ती आपली झाली. वास्तविक वाट झाडावयाची ती दुसऱ्यास जातां यावें म्हणून. ज्या वृद्ध बाईसाठीं मीं शिकागोस बर्फ काढला तिला मीं ‘ही वाट माझी’ असें म्हटलें नव्हतें, म्हणूनच तर तो आनंद निर्भेळ होता. देऊळ झाडणाऱ्याचें देऊळ होत नाहीं. तशीच दारापुढची सेवा आपली, दारापुढची भूमि सर्वांची. तें ध्यानांत आलें तेव्हां नातीस मीं दूरध्वनीवर सांगितलें, "त्या खुर्चीवर ‘माझें’ हा शब्द बसलेला असतो." ती म्हणाली, "पण आजोबा, तो दिसत नाहीं." मीं म्हटलें, "ज्याचा असतो त्यालाच दिसत नाहीं, बाळ."

ते गृहस्थ रुग्णालयांतून घरीं आल्यावर मी त्यांच्याकडे गेलों. क्षमा मागण्यासाठीं चार वाक्यें मनांत जुळवून नेलीं होतीं. त्यांतील एकही धड म्हणतां आलें नाहीं. त्यांनीं मला बसावयास दिलें आणि अडखळत्या जिभेनें म्हणाले, "तुमच्या घरी मुंज होती. मांडव काय रोज राहते काय, गुरुजी?" मांडव रोज नसतो हें खरें. धोंडे मात्र रोज होते. त्यांचें नांव त्यांनीं घेतलें नाहीं.

त्याच रात्रीं जेवणानंतर मीं घरांतील सर्वांस माजघरांत बसविलें. एकत्र कुटुंबांत मोटार एकाची नसते व गैरसोयही एकाची नसते. पुतण्या म्हणाला, "काका, गल्लींत सगळेच लावतात. आपण एकट्यानें काढून काय होणार?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर माझ्या आधीं वहिनींनीं दिलें: "दुसऱ्याच्या मोटारीला आडवी जाणारी बाज आपण उचलली नव्हती रे." पुढें वाद राहिला नाहीं. गल्लीबाहेर एका परिचितांच्या आवारांत मासिक भाडें देऊन मोटार ठेवूं लागलों. घरापासून दोनशें पावलें. पावसांत छत्री लागते, भाजीची पिशवी हातांत आणावी लागते, आणि म्हाताऱ्यांस दारांत उतरवून मोटार परत न्यावी लागते. एवढेंच. धोंडे उचलून परसांत रांजणाखालीं ठेविले. पुढें सन 2022 मध्यें पुतणीचें लग्न झालें तें मंगल कार्यालयांत. दारांत फक्त तोरण बांधलें.

येथें हा लेख संपविला असता तर तो फार गोड झाला असता. परंतु वाचकांस खोटें सांगूं नये. आम्हीं मोकळी केलेली जागा तिसऱ्याच दिवशीं दुसऱ्या एका घरच्या वाहनानें व्यापली. मला इतका संताप आला कीं परसांतील धोंडे पुन्हां आणावे असें क्षणभर वाटलें. मग हंसूंही आलें. त्या घरीं गेलों. पाठ दिला नाहीं, अर्ज दाखविला नाहीं. ती रात्र त्यांनींही पाहिली होती. मीं फक्त माझी चूक सांगितली. दोन महिने कांहीं झालें नाहीं. पुढें एके दिवशीं तें वाहन पटांगणांत दिसूं लागलें. आज गल्लींतील पांच वाहनांपैकीं तीन बाहेर राहतात, दोन आंतच आहेत. ओटे कोणी मागें घेतले नाहींत, आम्हींसुद्धां नाहीं. परंतु भिंतीलगत आतां एक रुग्णवाहिका येऊं शकेल एवढी वाट असते. दोन वर्षांपूर्वी ती एकदां आली. आमच्याच घरीं, माझ्या थोरल्या बंधूंसाठीं. ती दारापर्यंत आली, त्यांस घेऊन गेली, आणि ते आठ दिवसांनीं चालत परत आले. त्या दिवशीं गल्लीच्या तोंडाशीं उभें राहून चालकास हात करून वाट दाखविणारा तरुण हातगाडीवाल्यांचाच मुलगा होता.

हातगाडी आतां तोच चालवितो. रात्रीं तो ती पटांगणांत नेऊं लागला तेव्हां मीं त्यास म्हटलें, "दारांत आमच्या भिंतीपाशीं ठेवीत जा, हातगाडीनें कांहीं अडत नाहीं." तो म्हणाला, "नको गुरुजी, मोकळंच बरं."

पहाटे आमची धाकटी सून दारापुढें सडा घालते, रांगोळी काढते. शाळेचीं मुलें, दूधवाले, भाजीची गाडी, सारे त्यावरूनच जातात आणि संध्याकाळपर्यंत तिची एक रेघ उरत नाहीं. ती कोणावर रागावत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां काढते.